मेंढ्यांसाठी ज्वारीचा मुरघास: खड्डा नको, पिशवी बरी

मुरघास म्हटला की डोळ्यांसमोर येतो तो दूध उत्पादकाच्या गोठ्यामागचा मोठा खड्डा. चाळीस-पन्नास मेंढ्यांच्या कळपाला तो सोयीचा नाही. खड्ड्याच्या उघड्या तोंडाला हवा लागते आणि रोज पुरेसा थर निघाला नाही तर बुरशी धरते. खराब मुरघास गाय एखाद वेळ सोसते, मेंढी सोसत नाही.

आधी हिशेब करा. ३० किलो वजनाच्या मेंढीला रोज साधारण १ किलो शुष्क चारा लागतो. त्यातला निम्मा मुरघासातून द्यायचा तर रोज दीड किलो मुरघास झाला. म्हणजे ४० मेंढ्यांना दिवसाला ६० किलो, आणि फेब्रुवारी ते मे दरम्यानच्या १०० दिवसांना ६ टन. नासधूस धरून शेतातून ७ टन हिरवा चारा हवा. पाण्याची सोय असेल तर २० गुंठे कडवळ त्याला पुरते.

एकाच कापणीचा, रसाळ ताटाचा वाण घ्यावा. फुले अमृता, रुचिरा हे चाऱ्याचे वाण चालतील. एकरी १६ किलो बियाणे ३० सेंमी अंतरावर पाभरीने पेरावे. एकरी ४० किलो नत्र दोन हप्त्यांत द्यावे, निम्मे पेरणीवेळी आणि निम्मे महिन्याने. स्फुरद २० किलो व पालाश १६ किलो पेरणीबरोबरच द्यावे.

कापणीची वेळ मात्र चुकवू नका. हिरवा चारा म्हणून कडवळ फुलोऱ्यात कापतात, मुरघासासाठी थोडे थांबावे लागते. दाण्यातला चीक घट्ट होऊन तो हुरड्याकडे झुकला की कापा. कुट्टी मुठीत घट्ट दाबून सोडा. गोळा हळूहळू सुटला आणि हात नुसता ओलसर झाला तर ओलावा ६५ ते ७० टक्क्यांच्या आसपास आहे. पाणी निथळले तर चारा दिवसभर सुकू द्या. ज्वारीच्या ताटात साखर असतेच, त्यामुळे वेळेवर कापलेल्या पिकाला गूळ-मळी घालायची गरज नाही.

पाण्याच्या ताणाने खुरटलेले पीक किंवा कोवळे फुटवे कापू नका. यानेच जनावरांना किराळ लागते. मुरताना हे विष बरेच कमी होते, पण त्या भरवशावर राहू नये.

कुट्टी एक-दीड सेंमीचीच हवी. लांब तुकडे असले की मेंढी पाने वेचते, ताट गव्हाणीत तसेच राहते. आतून प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या ५० ते ६० किलोच्या पिशव्या घ्या. प्रत्येक थर पायाने तुडवून हवा काढा आणि तोंड पिळून घट्ट बांधा. ७ टनांना १२० ते १४० पिशव्या लागतील. मजुरी जास्त लागते हे खरे, पण ४० मेंढ्यांना रोज एक पिशवी उघडली आणि संपली! अर्ध्या टनाची पिशवी आठ दिवस उघडी राहील, तेही एप्रिल-मेच्या उन्हात. पिशव्या सावलीत ठेवा आणि उंदरांवर लक्ष ठेवा. एक भोक पडले तरी त्या पिशवीत हवा शिरते.

सहा आठवड्यांनी पिशवी उघडा. पिवळसर-हिरवा रंग आणि आंबूस-गोड वास असेल तर माल उत्तम. काळपट, चिकट, कुबट वासाचा किंवा बुरशी दिसलेला भाग आजूबाजूच्या मुरघासासकट टाकून द्या. नीट न आंबलेल्या, हवा लागलेल्या मुरघासात लिस्टेरिया हा जिवाणू वाढतो. मेंढी मान एका बाजूला टाकून गोल फिरते, कान लोंबतो, लाळ गळते. गाभण मेंढ्या गाभडतात. असे दिसताच मुरघास बंद करून त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा, कारण उशीर झाला की मेंढी हाती लागत नाही. हा आजार माणसालाही होतो, म्हणून घरातल्या गरोदर बाईने गाभडलेल्या मेंढीला किंवा पडलेल्या गर्भाला हात लावू नये.

पहिल्या दिवशी मेंढीमागे २०० ग्रॅमच द्या आणि दहा-बारा दिवसांत दीड किलोवर न्या. गव्हाणीतले उरलेले रोज काढून टाका. या मुरघासात प्रथिने कमी असतात. चराई किंवा कोरड्या कडब्यासोबत थोडी शेंगदाणा पेंड अथवा सुबाभळीचा पाला द्या, विशेषतः विण्याआधीच्या शेवटच्या दीड महिन्यात.