दिवाळी उधारीची, नाताळ रोखीचा

नाताळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वांद्रे येतं, वसई येते, गोवा येतो. वर्धा जिल्हा काही येत नाही. वर्धा म्हटलं की गांधीजी, विनोबा आणि कापूस. तरी आमच्या जिल्ह्यातल्या लहान गावांत नाताळ होतो, आणि तो ख्रिस्ती मोहल्ल्यापुरता राहत नाही. बाजारात उतरतो, बेकरीच्या भट्टीवर येतो, शिंप्याच्या मशीनवर येतो. ख्रिस्ती घरं तर हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. मग एवढ्या थोड्या घरांचा सण अख्ख्या बाजाराला का जाणवावा? याचं अर्धं उत्तर पऱ्हाटीच्या शेतात आहे.

कापूस मृगाच्या पावसावर पेरला जातो. बोंडं फुटतात दसऱ्याच्या आसपास. शेतकरी सीतादही करतो आणि वेचणी सुरू होते. पहिला वेचा घरी येतो तोवर दिवाळी दारात उभी असते. कापूस घरात असतो, पण त्याचे पैसे हाती नसतात. त्यामुळे किराणा उधारीवर, कपडे उधारीवर, फटाकेसुद्धा उधारीवर. दुकानदार वहीत लिहून ठेवतो आणि म्हणतो, 'कापूस निघाला की द्या.' मग कार्तिक-मार्गशीर्षात दुसरा, तिसरा वेचा होतो. बंड्या आणि ट्रॅक्टर बाजार समितीपुढे रांगा लावतात. जिनिंगमध्ये पांढरे डोंगर उभे राहतात. चुकारा मिळतो तो साधारण डिसेंबरात. 1972 पासून सुमारे तीन दशकं एकाधिकार खरेदी होती, तेव्हा हा चुकारा हप्त्यांनी मिळायचा आणि पुष्कळदा लांबायचा. पण मिळायचा तो याच दिवसांत. म्हणून मी आपला एक साधा हिशेब मांडतो : आमच्याकडे दिवाळी उधारीची आणि नाताळ रोखीचा. ख्रिस्ती घरांतही बहुतेकांचं पोट नोकरीवर, शाळेवर, रेल्वेवर होतं, कापसावर नव्हतं. पण ज्या दुकानदाराकडे ते जात, त्याचा गल्ला कापसाने भरलेला असे. भरल्या गल्ल्याचा दुकानदार नवा माल आणतो, चार पैसे सोडतो आणि हसून बोलतो.

नव्वदीनंतर सोयाबीन आलं आणि हा हिशेब थोडा बदलला. सोयाबीन दिवाळीपूर्वीच विकता येतं, त्यामुळे दिवाळीच्या हातीही रोकड खेळू लागली. तरी कापसाचा पैसा अजून हिवाळ्यातच येतो, आणि हिंगणघाटच्या बाजारात डिसेंबरात उभं राहिलं की तो डोळ्यांना दिसतो.

कापसानेच आमच्याकडे माणसंही आणली. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिकडचा कापूस विलायतेला पोचेना, तेव्हा गिरणीमालकांची नजर वऱ्हाड-नागपूरकडे वळली. हिंगणघाटचा कापूस तेव्हाच नावाजलेला होता. 1862 मध्ये वर्धा हा वेगळा जिल्हा झाला आणि 1867 पर्यंत मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोचली. रेल्वेमागून जिन, प्रेस, सूतगिरण्या आल्या. पुलगावला गिरणी आली आणि पुढे लष्कराचा दारूगोळ्याचा मोठा डेपो आला. गार्ड, ड्रायव्हर, फिटर, कारकून, शिक्षिका, नर्स, जवान अशी कुठकुठली माणसं या गावांत येऊन राहिली. त्यांत मराठी ख्रिस्ती होते, तमिळ होते, मल्याळी होते, छोटानागपूरकडचेही होते. गावाला त्यांचा धर्म आधी कळला नाही. आधी कळलं ते त्यांचं सामान : हे लोक डिसेंबरात मैदा जास्त नेतात, मनुका विचारतात, व्हॅनिलाची बाटली मागतात.

मी कविता लिहिणारा माणूस असल्यामुळे शब्दांकडे लक्ष जातंच. 'नाताळ' हा शब्द आपण इतका आपला केला आहे की तो पोर्तुगीजांकडून आला हे विसरून गेलो. पोर्तुगीज भाषेत 'नाताल' म्हणजे जन्माचा दिवस. त्याच वाटेने 'पाव' आला, 'पाद्री' आला, 'काजू' आला. म्हणजे नाताळ आणि पाव हे शब्द मराठीत एकाच गलबतातून उतरले म्हणायला हरकत नाही. आमच्याकडे मात्र हिंदीचा शेजार, त्यामुळे जुनी माणसं नाताळला 'बडा दिन' म्हणत. हेही नाव अर्थाला धरून आहे. 22 डिसेंबरच्या सुमारास वर्षातला सर्वांत लहान दिवस सरतो आणि तिथून दिवस तिळातिळाने मोठा होऊ लागतो.

आता भट्टीकडे वळू. लहान गावातल्या बेकऱ्या पुष्कळशा मुसलमानांच्या. पुलगावात माझ्या लहानपणी जी बेकरी होती, तिची भट्टी विटांची, घुमटाकार, लाकडावर चालणारी. पेटवायला पऱ्हाट्या आणि जाळायला बाभूळ. अशी भट्टी आपल्या घरच्या चुलीसारखी खालून तापत नाही. लाकूड भट्टीच्या पोटातच जाळतात. विटा लालबुंद झाल्या की निखारे आणि राख बाहेर ओढतात, लांब काठीला ओलं पोतं बांधून फरशी पुसतात आणि तोंड बंद करून उष्णता सगळीकडे सारखी पसरू देतात. पुढचं सगळं काम विटांनी साठवलेल्या उष्णतेवर. ती हळूहळू उतरत जाते, आणि भट्टीवाल्याचं सगळं शहाणपण या उतरत्या उष्णतेचा क्रम सांभाळण्यात असतं. आधी पाव, कारण त्याला कडक आच लागते. पाव निघाले की बिस्किटं, नानकटाई. मग केक. आणि सगळ्यांत शेवटी टोस्ट. ते भाजायचे नसतात, रात्रभर वाळवायचे असतात.

केक घाईच्या आचेत टाकला तर वरून करपतो आणि आत कच्चा राहतो. म्हणून नाताळच्या आधीच्या आठवड्यात ख्रिस्ती घरांतल्या बाया सकाळचे पाव निघायच्या वेळेला बेकरीत येत. दिवाळीच्या आधी याच दारात हिंदू बाया नानकटाईचं साहित्य घेऊन बसलेल्या असत. आता मैदा, साखर, लोणी, अंडी घेऊन या बसत. मिश्रण कधी घरून फेटून आणलेलं, कधी तिथेच पोरांकडून फेटून घेतलेलं. पत्र्याच्या डब्यांना आतून तूप आणि कागद लावायचा, वर नावाची चिठ्ठी खोचायची. चिठ्ठ्या आगीत टिकत नाहीत, म्हणून काही जणी डब्याच्या कानाला तार बांधत. कोणी एक पीळ देई, कोणी दोन. बेकरीवाले चाचा केकचे पैसे घेत नसत, घेत ती भाजणावळ, तीही किलोवर. चिठ्ठी जळाली तरी कोणता डबा शाळेतल्या बाईंचा आणि कोणता रेल्वेतल्या साहेबांचा, हे त्यांना केकच्या रंगावरून कळे. बाईंकडे साखर जाळून तिचं काळं पाणी मिश्रणात घालायची रीत होती. साहेबांकडे आर्वी-कारंजाकडच्या संत्र्यांची साल पाकात मुरवून घालत. आंबिया बहाराची संत्री याच दिवसांत बाजारात येतात. विलायतेच्या केकमध्ये काय घालतात ते असो, आमच्या केकला संत्र्याच्या सालीचा वास असे.

भट्टीवर हे चालू असताना बाजाराच्या दुसऱ्या टोकाला चांदण्या तयार होत. बुरडाकडून बांबूच्या कामट्या आणायच्या, पाच टोकांचा सांगाडा बांधायचा, त्यावर पतंगी कागद चिकटवायचा आणि आत दिवा सोडायचा. हे काम करणारे हात तेच, जे दिवाळीला आकाशकंदील करत, मोहरममध्ये ताजियाला कागद लावत आणि संक्रांतीला पतंग विकत. त्या कारागिराला विचारलं असतं की तुझा सण कोणता, तर त्याने बहुधा हातातली खळ दाखवली असती. त्याच्या दृष्टीने वर्ष म्हणजे कामट्या आणि कागद. फक्त आकार बदलतो.

बाजाराच्या बाजूने पाहिलं तर नाताळ मोठ्या सोयीच्या वेळी येतो. तो मार्गशीर्षात तरी पडतो नाहीतर पौषात. मार्गशीर्षात गुरुवारच्या व्रतांमुळे अंड्यांचा उठाव कमी असतो, त्या अंडीवाल्याला केक हात देतो. पौषात लग्नं नसतात, शिंपी आणि बॅण्डवाले रिकामे असतात. त्यांना नव्या फ्रॉकचं, कोटाचं, कॅरलच्या मिरवणुकीचं काम मिळतं. थोड्या घरांचा सण इतक्या लोकांना का जाणवतो, याचं उरलेलं अर्धं उत्तर हे. मोठ्या सणाला सगळ्यांचा धंदा असतोच. पण पडत्या दिवसांत आलेलं लहान गिऱ्हाईक माणूस विसरत नाही.

आम्हा मुसलमानांचे सण चंद्रावर चालतात. ते दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकत सगळ्या ऋतूंतून फिरून येतात. त्यामुळे तेहतीसेक वर्षांतून एकदा ईद आणि नाताळ एकमेकांना भेटतात. 2000 साली तसं झालं होतं. नाताळ रमजानच्या अखेरच्या दिवसांत आला आणि दोन-तीन दिवसांनी ईद झाली. त्या वर्षी भट्टीवरची माणसं रोजे धरून दिवसभर केक भाजत होती. वास नाकात, पण चव बघायची सोय नाही. मग शेजारच्या दुकानातलं पोर बोलावून त्याला तुकडा द्यायचा आणि त्याच्या तोंडाकडे बघायचं. पोर हसलं की केक झाला! हजरत ईसा आणि बीबी मरियम यांची नावं आमच्या घरांत आदराने घेतली जातात. कुराणात मरियमच्या नावाचा एक अध्यायच आहे. पण भट्टीवर त्याची चर्चा कोणी करत नव्हतं. तिथे चर्चा आचेची होती. 2033 च्या डिसेंबरात ईद पुन्हा नाताळजवळ येईल.

हे सगळं मी जुन्या आठवणींच्या गोडीपायी सांगत नाही. यात अर्थशास्त्र आहे, आणि ते ज्यांनी नीट मांडलं ते गृहस्थ वर्ध्यातच राहत होते. जे. सी. कुमारप्पा. तंजावरच्या ख्रिस्ती कुटुंबात 1892 साली जन्मलेले, लंडनला हिशेबतपासनीस झालेले, न्यूयॉर्कला अर्थशास्त्र शिकलेले. डिसेंबर 1934 मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचे अध्यक्ष वर्ध्याचे श्रीकृष्णदास जाजू आणि चिटणीस कुमारप्पा. जमनालाल बजाजांनी दिलेल्या जागेत, मगनवाडीत, तेलघाणी, हातकागद, हातसडीचा तांदूळ, मधमाशा असे प्रयोग सुरू झाले. 30 डिसेंबर 1938 रोजी, नाताळनंतर पाचव्या दिवशी, गांधीजींच्या हस्ते तिथे मगन संग्रहालयाचं उद्घाटन झालं. पलीकडे सेवाग्रामला राजकुमारी अमृत कौर होत्या, नयी तालीमचं काम पाहणारे सिलोनचे आर्यनायकम होते. हीही ख्रिस्ती माणसं. म्हणजे ज्या जिल्ह्याचं नाव नाताळशी कोणी जोडत नाही, तिथे खादी घालून नाताळ पाळणारी माणसं राहून गेली आहेत.

कुमारप्पांचा विचार थोडक्यात असा, की बाजारातल्या प्रत्येक वस्तूला किंमत असते तशी नीतीही चिकटलेली असते. ती वस्तू कोणी केली, कशी केली, त्याला काय मिळालं, याची जबाबदारी विकत घेणाऱ्यावरही येते. आता वस्तू लांबून आली तर हे कळणार कसं? म्हणून ते म्हणत की रोजच्या गरजेचा माल होईल तितका जवळचा घ्या. करणारा डोळ्यांसमोर असला की खरेदी डोळस राहते. बेकरीतल्या त्या बाया कुमारप्पा वाचून आल्या नव्हत्या. पण भाजणावळ देताना त्यांना भट्टीवाल्याच्या हाताचे फोड दिसत होते, आणि त्याला त्यांची घासाघीस का आहे ते ठाऊक होतं.

आज पुलगाव-हिंगणघाटच्या दुकानांत प्लॅस्टिकच्या वेष्टनातले केक मिळतात, घडीच्या चांदण्या मिळतात, आणि मोबाइलवर मागवलं की घरपोच येतात. याला मी नावं ठेवत नाही. नोकरी करणाऱ्या बाईने पहाटे भट्टीपुढे का बसावं? विजेच्या ओव्हनमध्ये केक चांगला होतो. बदल होतच असतात.

मला काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. अलीकडे त्याच मोबाइलवर अधूनमधून संदेश फिरतात : अमक्याच्या दुकानातून घेऊ नका, तमक्याच्या हातचं खाऊ नका, आपल्या सणाला आपल्याच माणसाकडून घ्या. वाचायला दोन ओळी असतात. पण आमच्या गावाच्या हिशेबात त्या बसवून पाहा. बुरडाने कामट्या द्यायच्या नाहीत, कागदवाल्याने चांदणी करायची नाही, संत्रीवाल्याने संत्री विकायची नाहीत, भट्टीवाल्याने डबा घ्यायचा नाही. मग नाताळ कसा होणार? आणि दिवाळी तरी कशी होणार? लहान गावात कोणत्याच समाजाकडे एका सणाला लागणारे सगळे हात नसतात. ते शेजाऱ्याकडून आणावे लागतात. बाजार ही त्या देवघेवीची जागा. तिथे प्रेमाची भाषणं होत नाहीत, घासाघीस होते, कधी भांडणंही होतात. पण पुढच्या वर्षी पुन्हा यायचं आहे हे दोघांनाही माहीत असतं, म्हणून माणूस बोलणं तोडत नाही.

येत्या डिसेंबरात आमच्या बाजूला आलात, तर जिनिंगच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असेल. तिथून बाजारात या. चांदणी किंवा केक जे काही घ्याल, ते घेताना दुकानदाराला एवढंच विचारा, की हे केलं कोणी? तो नाव सांगेल. बहुधा घरही दाखवील.