पाणथळीची परिभाषा : मारुती चितमपल्ली यांच्या कार्याचा एक विचार

कै. मारुती चितमपल्ली यांचा उल्लेख सामान्यतः वनाधिकारी, पक्षिनिरीक्षक व ललितलेखक असा केला जातो. त्यांच्या कार्याची एक बाजू मात्र भाषेच्या अभ्यासकांनी स्वतंत्रपणे तपासावी अशी आहे. निसर्गातील वस्तूंना व घटनांना मराठीत नाव मिळवून देणे, हे त्यांनी आयुष्यभर केलेले काम संरक्षणाच्या कामाशी कसे निगडित होते, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

चितमपल्लींचा जन्म ५ नोव्हेंबर १९३२ रोजी सोलापूर येथे झाला. मराठी, कन्नड व तेलुगू या भाषा एकाच पेठेत कानी पडाव्यात असे ते नगर. कोइमतूर येथील वनमहाविद्यालयात शिक्षण घेऊन ते वनखात्यात दाखल झाले आणि १९९० मध्ये निवृत्त झाले. कर्नाळा, नागझिरा, नवेगावबांध व मेळघाट येथील त्यांची सेवा सर्वश्रुत आहे. सोलापूर येथे २००६ मध्ये भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी १८ जून रोजी सोलापुरातच त्यांचे निधन झाले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने यांपैकी नवेगावबांधचे महत्त्व विशेष आहे. आजच्या गोंदिया जिल्ह्यातील हा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकात बांधविला, असे मानले जाते. कोहळ्यांनी तलाव बांधावेत, ढीवरांनी त्यांत मासेमारी करावी, हिवाळ्यात उत्तरेकडील बदके व चक्रवाक तेथे उतरावेत, असा तेथील जीवनक्रम. अशा ठिकाणी वनस्पतींची व पाखरांची नावे ग्रंथांपेक्षा माणसांच्या तोंडी अधिक असतात. चितमपल्लींनी ही माणसे गुरुस्थानी मानली आणि त्यांच्याकडून ऐकलेले शब्द आपल्या लेखनात आणले.

या लोकशब्दांची योग्यता उदाहरणांवरून ध्यानात येईल. पूर्व विदर्भातील तलावांत कोणी न पेरता उगवणाऱ्या रानभातास 'देवधान' म्हणतात. तर काठाने माजणाऱ्या, तोडली तरी पुन्हा फुटणाऱ्या परदेशी वनस्पतीस 'बेशरम' म्हणतात. पहिल्या नावात कृतज्ञता आहे, दुसऱ्यात तक्रार आहे. तलावास काय पोषक व काय मारक, याचा पिढ्यांच्या अनुभवातून झालेला निवाडाच या दोन शब्दांत साठविलेला आहे. 'सारस' हा शब्दही असाच बोलका आहे. 'सरस्' म्हणजे सरोवर. सरोवराचा तो सारस. पक्ष्याचे नावच त्याच्या अधिवासावरून घडले आहे.

जेथे शब्द सापडला नाही, तेथे चितमपल्लींनी तो घडविला. कावळ्यांच्या वीण-वसाहतीस त्यांनी 'काकागार' व बगळ्यांच्या वीण-वसाहतीस 'सारंगागार' हे शब्द दिले. दुसऱ्या शब्दामागील वस्तू पाणथळीच्या अभ्यासात महत्त्वाची आहे. पाण्याजवळच्या मोजक्या झाडांवर निरनिराळ्या जातींचे बगळे, ढोकऱ्या व पाणकावळे एकत्र घरटी करतात. पावसाळ्यात मासे व बेडूक मुबलक असताना त्यांची पिले वाढतात. त्यांची विष्ठा पाण्यात पडून जलजीवनास खत मिळते. ज्याला ही रचना ठाऊक नाही, त्याला तेच झाड घाण करणारे, तोडण्याजोगे झाड वाटते. 'सारंगागार' या एका शब्दाने झाड, घरटी, पाणी व ऋतू मिळून एक वस्तू होते. आणि जिला नाव आहे, तिचीच नोंद करता येते, तिच्याच संरक्षणाची मागणी करता येते.

परिभाषेच्या दृष्टीने हा शब्द सर्वस्वी निर्दोष आहे, असे नाही. संस्कृतात 'सारंग' म्हणजे चातक, हरिण, मोर, हत्ती, भुंगा, असे अनेक अर्थ होतात. त्यामुळे 'काकागार' ऐकताच कळतो, तसा 'सारंगागार' कळत नाही. 'बकागार' हा शब्द अधिक सुबोध झाला असता. तथापि 'बकध्यान'सारख्या प्रयोगांमुळे 'बक' शब्दास ढोंगाचा वास लागलेला आहे, हेही विसरता येत नाही. शब्द रुळतो की नाही, याचा निर्णय अखेर वापर करतो. आणि पक्षिनिरीक्षकांच्या मराठी लेखनात हा शब्द आता रुळत आहे.

शोध व घडण या दोन्ही पद्धतींचा संगम २००२ मधील त्यांच्या 'पक्षिकोशा'त झाला. प्रमाण मराठी व संस्कृत नावांच्या पंक्तीस त्यात बोलींतील नावांनाही स्थान मिळाले. चितमपल्लींनी मराठीस लाखभर शब्द दिले, असे पुष्कळदा म्हटले जाते. भाषाशास्त्राला त्या संख्येपेक्षा ते कसे मिळविले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटावा.

कारण या सामग्रीस मुदत आहे. महाराष्ट्रात सारसाचा शेवटचा मोठा आसरा गोंदिया व त्याच्या लगतच्या प्रदेशापुरता उरला असून तेथेही त्याची संख्या अत्यल्प आहे. पाणथळ आटली की पक्षी जातो; पक्षी गेला की त्याचे नाव उच्चारण्याचा प्रसंग जातो; आणि एका पिढीत शब्दही जातो. महाराष्ट्र शासनाने २०२० पासून चितमपल्लींच्या जन्मदिनापासून, म्हणजे ५ नोव्हेंबरपासून, डॉ. सालिम अली यांच्या जन्मदिनापर्यंत, १२ नोव्हेंबरपर्यंत, पक्षी सप्ताह पाळण्याचे ठरविले, हे उचितच झाले. आपल्या विभागाने त्या सप्ताहात रंकाळ्याच्या व पंचगंगेच्या काठी जाऊन तेथील मासेमारी करणाऱ्या वृद्धांकडून पाण्याची, वनस्पतींची व पाखरांची नावे टिपून घ्यावीत. सांगणारे आहेत तोवरच हे काम होण्यासारखे आहे.