विशेष शिक्षणातील हक्कसाहाय्य

विशेष शैक्षणिक गरज असलेल्या मुलास कायद्याने देऊ केलेले शिक्षण प्रत्यक्षात मिळावे, यासाठी त्याच्या पालकांना शाळा, शिक्षणाधिकारी व न्यायाधिकरणे यांच्यापुढे मुलाची बाजू मांडण्याच्या कामी केलेले साहाय्य. दृष्टी, श्रवण, वाचा, हालचाल, बौद्धिक विकास, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता यांपैकी कोणत्याही कारणाने ज्या मुलास नेहमीच्या अध्यापनाखेरीज वेगळ्या सोयींची वा वेगळ्या अध्यापनपद्धतीची जरूरी भासते, त्यास विशेष शैक्षणिक गरज आहे असे मानतात. असे साहाय्य करणारी व्यक्ती वकीलच असते असे नाही. अनुभवी पालक, निवृत्त विशेष शिक्षक, समाजकार्यकर्ता किंवा स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी हे काम करू शकतो. ‘कैवार घेणे’ हा मराठी वाक्प्रचार या कार्याच्या अर्थाला जवळचा आहे.

या साहाय्याची गरज विशेष शिक्षणाच्या स्वरूपातूनच उद्भवते. सर्वसाधारण मुलास काय शिकवावयाचे, हे अभ्यासक्रमाने ठरलेले असते. विशेष गरज असलेल्या मुलास काय द्यावयाचे, हे त्या मुलापुरते ठरवावे लागते. ते ठरविणारी व त्याचा खर्च सोसणारी यंत्रणा बहुधा एकच असते. शाळेकडे तज्ज्ञ, नोंदी व परिभाषा असते. पालकाकडे मुलाची जवळची ओळख असते, परंतु ती कागदावर उतरलेली नसते. ही विषमता कमी करणे, हा हक्कसाहाय्याचा मुख्य उद्देश होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : या कल्पनेचा पद्धतशीर विकास प्रथम अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला. तेथील अनेक राज्यांत ‘शिक्षणास अपात्र’ ठरविलेल्या मुलांना शाळेबाहेर ठेवण्याची मुभा कायद्यानेच दिलेली होती. पेनसिल्व्हेनियातील मतिमंद मुलांच्या संघटनेने १९७१ मध्ये त्या राज्याविरुद्ध संघीय न्यायालयात दावा दाखल केला. त्यातून झालेल्या व न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार अशा मुलांचा शिक्षणाचा हक्क मान्य झाला आणि पालकांना सूचना व सुनावणीची संधी दिल्यावाचून मुलाच्या शिक्षणव्यवस्थेत बदल करता येणार नाही, असे ठरले. १९७२ मध्ये कोलंबिया जिल्ह्यातील मिल्स खटल्यात न्यायालयाने आणखी एक तत्त्व स्पष्ट केले : निधी अपुरा असल्यास त्या अपुरेपणाचा भार अपंग मुलांवर इतरांपेक्षा अधिक पडता कामा नये.

या निर्णयांच्या पाठोपाठ १९७५ मध्ये संघीय कायदा संमत झाला. देशातील ऐंशी लक्षांहून अधिक अपंग मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांना योग्य शिक्षण मिळत नाही व दहा लक्ष मुले शाळेच्या पूर्णपणे बाहेर आहेत, असे त्या कायद्यातच नमूद केलेले होते. १९९० मध्ये त्याचे नाव बदलण्यात आले, परंतु मूळ चौकट कायम राहिली.

अमेरिकेतील कार्यपद्धती : प्रथम पालकाच्या लेखी संमतीने मुलाचे मूल्यमापन होते. राज्याने स्वतःची मुदत ठरविलेली नसल्यास ते संमतीपासून ६० दिवसांत पूर्ण करावे लागते. त्यावरून शिक्षक, शाळेचा प्रतिनिधी व पालक मिळून त्या मुलाची वैयक्तिक शिक्षणयोजना तयार करतात आणि वर्षातून किमान एकदा तिचा फेरविचार करतात. मुलाविषयी विशेष माहिती वा तज्ज्ञता असलेल्या व्यक्तीस या बैठकीस आणण्याची पालकास मुभा असते. हक्कसाहाय्यकाचा प्रवेश प्रायः याच तरतुदीद्वारे होतो. शाळेचे मूल्यमापन मान्य नसल्यास पालक सार्वजनिक खर्चाने स्वतंत्र मूल्यमापन मागू शकतो. तेव्हा शाळायंत्रणेने एकतर तो खर्च द्यावा लागतो किंवा आपले मूल्यमापन योग्य असल्याचे सुनावणीत सिद्ध करावे लागते. पालकाची मागणी नाकारतानाही नकाराची कारणे लेखी द्यावी लागतात.

मतभेद मिटविण्याचे तीन मार्ग आहेत : मध्यस्थी, राज्याच्या शिक्षण विभागाकडे तक्रार आणि निःपक्षपाती अधिकाऱ्यापुढे सुनावणी. तक्रारीचा निकाल सामान्यतः ६० दिवसांत द्यावा लागतो. सुनावणीची मागणी सामान्यतः दोन वर्षांच्या आत करावी लागते व तिचा वाद चालू असेतो, उभयपक्षी वेगळे ठरले नाही तर, मुलाचे चालू शिक्षणस्थान बदलता येत नाही.

हक्कसाहाय्यकाचे कार्य : यातील बराचसा भाग सुनावणीपूर्वीच्या तयारीचा असतो. मूल्यमापनाचे अहवाल, गुणपत्रके, वैद्यकीय कागद, शाळेशी झालेला पत्रव्यवहार आणि मुलाच्या कामाचे नमुने तारखेच्या क्रमाने लावणे, हे पहिले काम. तोंडी झालेली बोलणी त्याच दिवशी पत्राने कळविणे, हे दुसरे. कारण ज्याची लेखी नोंद नाही, ते पुढे सिद्ध करणे अवघड जाते. तिसरे काम उद्दिष्टांची तपासणी हे होय. ‘वाचनात सुधारणा होईल’ हे उद्दिष्ट मोजता येत नाही. ‘वर्षअखेरीस दुसरीच्या पातळीवरील अपरिचित उतारा दहांपेक्षा कमी चुका करून वाचील’ हे मोजता येते. त्याचप्रमाणे ‘आवश्यकतेनुसार मदत’ असे न लिहिता आठवड्यातून किती तासिका, कोणाकडून व कोठे, हे नमूद करून घ्यावे लागते.

निर्णय व सही पालकाचीच असते. साहाय्यक त्याची जागा घेत नाही. मुलाला शाळेत पुढेही राहावयाचे असल्याने शिक्षकांशी वैर न धरता आग्रह धरणे, हे या कामातील मोठे कौशल्य मानले जाते. मूल समजत्या वयाचे असल्यास त्याचे स्वतःचे मत विचारणे आवश्यक ठरते.

साहाय्याची साधने व खर्च : अमेरिकेत प्रत्येक राज्यात पालकांचे प्रशिक्षण व माहिती केंद्र असून त्यास संघीय अनुदान मिळते. येथील साहाय्य विनामूल्य असते व कर्मचाऱ्यांत अपंग मुलांच्या पालकांचा भरणा असतो. याखेरीज अपंग व्यक्तींच्या हक्करक्षणासाठी प्रत्येक राज्यात एक कायदेशीर संस्था असते. शुल्क घेणारे खाजगी साहाय्यकही आहेत; तथापि वकील नसलेल्या साहाय्यकास सामान्यतः परवाना लागत नाही, त्यामुळे त्याचे प्रशिक्षण व अनुभव यांची चौकशी पालकानेच करावी लागते.

सर्वोच्च न्यायालयाच्या काही निर्णयांनी या साहाय्याचे महत्त्व वाढविले आहे. १९८६ च्या कायद्यान्वये यशस्वी पालकास वकिलाचे शुल्क मिळू लागले. परंतु तज्ज्ञाचा खर्च त्यात येत नाही, असे २००६ मध्ये ठरले. त्याआधी २००५ मध्ये, सुनावणीत दाद मागणाऱ्या पक्षावरच सिद्धतेचा भार राहील, असा निर्णय झाला होता. २००७ मध्ये पालकांना वकिलावाचून स्वतःचे हक्क न्यायालयात मांडण्याची मोकळीक मिळाली. योजना केवळ नाममात्र प्रगतीची असून चालणार नाही, ती त्या मुलाच्या परिस्थितीच्या दृष्टीने योग्य अशा प्रगतीची असावी, असे २०१७ मध्ये न्यायालयाने सांगितले. ही प्रगती अपुरी आहे हे दाखविण्यास तज्ज्ञाचा अहवाल लागतो व तो महाग असतो. परिणामी समान हक्क असूनही सधन व सुशिक्षित पालकांच्या मुलांना त्याचा लाभ अधिक सुलभतेने होतो.

इंग्लंड : वॉर्नॉक समितीच्या अहवालाने (१९७८) ‘विशेष शैक्षणिक गरज’ ही संज्ञा रूढ केली व तदनुसार १९८१ चा शिक्षण कायदा झाला. १९९४ पासून पालकांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरण काम करू लागले. २०१४ च्या कायद्याने पालकांना व मुलांना माहिती व सल्ला पुरविण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणांवर टाकली.

भारत व महाराष्ट्र : भारतात बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हे दोन कायदे या विषयाचा आधार आहेत. दुसऱ्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार नमूद असून त्यांत स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा समावेश आहे. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलास जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तथापि वाजवी सोयीसुविधांचा हक्क या टक्केवारीपुरता मर्यादित नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये लेखनिकासंबंधीच्या एका प्रकरणात स्पष्ट केले. २०२२ मध्ये केंद्र शासनाने अधिसूचनेद्वारे विशेष शिक्षकांचे प्रमाण प्राथमिक स्तरावर १० मुलांमागे एक व उच्च प्राथमिक स्तरावर १५ मुलांमागे एक असे ठरविले.

अमेरिकेप्रमाणे मुदतींनी बांधलेली योजना-बैठक व तीवरील सुनावणी येथे कायद्याने घालून दिलेली नाही. पालकास प्रशासकीय तक्रारीचा मार्ग धरावा लागतो. मुख्याध्यापकाकडे लेखी अर्ज देऊन त्याच्या प्रतीवर पोच व आवक क्रमांक घेणे, ही पहिली पायरी. नियमांनुसार जिल्हा शिक्षण कार्यालयात दिव्यांग मुलांचा प्रवेश व सोयी यांसाठी समन्वय अधिकारी नेमावयाचा असतो. २००९ च्या कायद्याखालील हक्काबाबत कोणतीही व्यक्ती स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करू शकते. म्हणून शिक्षक किंवा संस्थाही पालकाच्या साहाय्यास येऊ शकते. अशा तक्रारीचा निर्णय तीन महिन्यांत अपेक्षित असून त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. २०१६ च्या कायद्याखाली राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे दाद मागता येते. महाराष्ट्रात त्यांचे कार्यालय पुणे येथे आहे. चौकशीसाठी आयुक्तांस दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार आहेत, मात्र त्यांचा निष्कर्ष शिफारशीच्या स्वरूपाचा असतो. शिफारस न स्वीकारल्यास संबंधित प्राधिकरणाने तीन महिन्यांत कारणे कळवावी लागतात. सरकारी वा अनुदानित शाळेच्या नोंदी माहितीच्या अधिकाराखाली मागविता येतात.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये बालक, स्त्री व दिव्यांग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवेचा हक्क आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुका विधी सेवा समिती यांच्याकडे अर्ज करता येतो. विशेष शिक्षणाच्या तक्रारींसाठी या मोफत सेवेचा उपयोग होऊ शकतो, हे पुष्कळ पालकांच्या ध्यानी येत नाही.

मर्यादा : हक्कसाहाय्याने शाळेस मिळालेला नकार बदलता येतो, परंतु नसलेला विशेष शिक्षक निर्माण करता येत नाही. एका मुलाच्या बाजूने लागलेला निर्णय शेजारच्या मुलास आपोआप लागू होईलच असे नाही. वेळ हीही मोठी अडचण आहे. प्रौढाच्या दाव्यात गेलेले एक वर्ष भरून काढता येते, वाचन शिकण्याच्या वयातील गेलेले वर्ष तितक्या सहजी भरून येत नाही. म्हणून तक्रार उशिरा व मोठी करण्यापेक्षा लवकर, नेमकी व लेखी करणे हितावह ठरते. तसेच पालकसंघटनांनी एकेका प्रकरणातील अनुभव एकत्र करून तो धोरण ठरविणाऱ्यांपर्यंत पोहोचविणे आवश्यक आहे. पेनसिल्व्हेनियातील दाव्याची सुरुवातही अशाच एका संघटनेने केली होती.