सरपणासाठी झाड पाडण्यातील धोके

पूर्णेच्या खोऱ्यातील जाफराबाद तालुक्यात बांधावरची बाभूळ वा कडुनिंब सरपणासाठी पाडणे हे साधे काम वाटत असले, तरी झाडाचे वजन आणि कल न ओळखता घातलेला घाव पाडणाऱ्याच्याच जिवावर बेतू शकतो. जाणकार माणूस आधी पडण्याच्या बाजूने, बुंध्याच्या जाडीच्या सुमारे पाव ते एक तृतीयांश खोलीची पाचरीच्या आकाराची खाच घेतो आणि मग विरुद्ध बाजूने किंचित वर कापत मध्ये लाकडाची अरुंद पट्टी राखतो. ही पट्टी बिजागरीसारखी वळून झाडाला ठरलेल्या दिशेने उतरवते. ती पूर्ण कापली गेल्यास झाड कोणत्याही बाजूला कोसळते, तर खाच न घेता कलत्या झाडावर करवत चालवल्यास बुंधा उभा चिरून मागे उसळू शकतो. शेजारच्या झाडात अडकलेल्या खोडाखाली जाणेही तितकेच घातक असते. म्हणून इतरांनी झाडाच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर थांबावे, पाडणाऱ्याने मागे तिरकी वाट मोकळी ठेवावी आणि वीजतारांजवळचे झाड महावितरणला कळवल्याशिवाय तोडू नये. आंबा, चिंच यांसारख्या झाडांसाठी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ नुसार परवानगीही लागते. सरपण वाळक्या फांद्यांतूनही मिळते. उभे झाड मात्र शिकलेल्या हातांनीच पाडावे.