"ताई, त्याला एमपीडीए लावा!"

बचत गटाच्या बैठकीत दारूचा विषय निघाला की हल्ली कुणी ना कुणी हे म्हणतंच. तडीपार, मोक्का, एमपीडीए हे शब्द आता आपल्या ओट्यावर येऊन बसलेत. आणि बायकांचं तरी काय चुकतं? हातभट्टीवाल्याला पोलीस सकाळी नेतात, संध्याकाळी तो जामिनावर परत! वर तक्रार करणारीच्या दारासमोरून मिशीला पीळ देत जातो. मग वाटतंच, वर्षभर आत टाका मेल्याला.

पण मैत्रिणींनो, हा कायदा आहे तरी काय? महाराष्ट्राने १९८१ साली तो केला, झोपडपट्टी दादा, हातभट्टीवाले आणि अमली पदार्थ विकणाऱ्यांसाठी. धोकादायक व्यक्ती, वाळूतस्कर वगैरे नंतर त्यात आले. यात शिक्षा नसते, स्थानबद्धता असते. म्हणजे झालेल्या गुन्ह्याबद्दल नव्हे, पुढे काही करू नये म्हणून माणसाला जास्तीत जास्त बारा महिने तुरुंगात ठेवायचं. खटला नाही, उलटतपासणी नाही. जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांच्या सहीने माणूस आत जातो. बारा दिवसांत सरकारची मान्यता लागते, तीन आठवड्यांत प्रकरण सल्लागार मंडळापुढे जातं, पण तिथंही वकील हक्काने मिळत नाही.

एवढं जबर हत्यार, म्हणून न्यायालय एक प्रश्न हमखास विचारतं. या माणसाने नुसता कायदा मोडला, की सार्वजनिक सुव्यवस्था बिघडवली?

हा फरक गाजला तो डॉ. राममनोहर लोहियांमुळे. १९६५ मध्ये त्यांना बिहारमध्ये स्थानबद्ध केलं. आदेशात 'सार्वजनिक सुव्यवस्था' लिहायच्या जागी 'कायदा आणि सुव्यवस्था' लिहिलं होतं. एवढ्यावरून सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडलं! न्यायमूर्ती हिदायतुल्लांनी तेव्हा एकात एक तीन वर्तुळं कल्पायला सांगितली. आपण डब्यात डबा ठेवतो ना, तसंच. सगळ्यात मोठा डबा कायदा-सुव्यवस्थेचा, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्था, अगदी आत देशाची सुरक्षितता. दोन दारुडे आपसात भांडले तर तो साधा गुन्हा. पण ते दोन जमातींचे असले आणि एकजण जमातीच्या नावाने लोकांना चिथवू लागला, तर गोष्ट आतल्या डब्यात जायची भीती.

आता आपल्या गल्लीकडे बघू. नवरा पिऊन मारतो, हे दुखणं लहान नाही. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, तो वापरायलाच हवा. पण एमपीडीए तिथं बसत नाही. भट्टीच्या दारूने वस्तीच्या जिवाला, आरोग्याला मोठा धोका होतो, हे दाखवावं लागतं. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं दगावली, तसला धोका. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच राज्यातल्या एका हातभट्टीवाल्याची स्थानबद्धता रद्द केली. गुन्हे अर्धा डझन होते, पण साक्षीदारांचे जबाब मोघम.

म्हणून पोलीस गुप्त जबाब घेतात (नाव बाहेर जात नाही) तेव्हा 'तो फार त्रास देतो' एवढंच सांगू नका. कोणत्या दिवशी, कुठल्या चौकात, कोयता दाखवल्यावर किती दुकानांची शटर खाली आली, पोरींची शिकवणी किती दिवस बंद राहिली, हे सांगा. मोघम जबाबावर आत गेलेला दादा हार घालून परत येतो, आणि मग कुणी तोंड उघडत नाही.

आणि आत गेलेल्यालाही आई असतेच की. तशी एक बाई माझ्याकडे आली होती, पदरात कागदांची चळत. पोरगा साधा मारामारीवाला. तिला कुणी सांगितलंच नव्हतं, की स्थानबद्धतेची कारणं पाच दिवसांच्या आत आणि त्याला समजेल अशा भाषेत द्यावी लागतात. सरकारकडे निवेदन देता येतं, उच्च न्यायालयातही जाता येतं. कागद हाती कधी पडले, हे तिला आठवत नव्हतं. मुदती त्या तारखांवरच मोजतात. तेव्हा पहिलं काम तेच केलं. कॅलेंडर पुढे घेऊन बसलो, संकष्टीच्या आधी की नंतर, असं विचारत विचारत तारीख काढली आणि कागदाच्या डोक्यावर लिहिली.