परसबागेची शेड : पैसा आधी जोत्यात घाला



बचत गटाची सामायिक परसबाग सुरू झाली की वर्षभरात एक प्रश्न येतोच. खुरपी, पाईप, फवारणीचा पंप, बियाण्याचे डबे, गांडूळखताची पोती ठेवायची कुठे? मग गटाच्या पैशातून शेड बांधायचे ठरते. पत्रा कोणता, दार कुठे, यावर बैठकीत तासभर बोलणे होते. जोत्याबद्दल मात्र एवढेच ठरते, "ते गवंडी बघेल." म्हणून आज आम्ही जोत्याबद्दलच बोलणार आहोत. पत्रा गंजला तर बदलता येतो. जोते खचले तर सगळी शेड उतरवावी लागते, आणि पैसा तर सगळ्याजणींच्या बचतीचा असतो.

आधी माती ओळखा

काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. दरवर्षी ती वरचे बांधकाम असे उचलते आणि सोडते. त्यामुळे फरशी तडकते, दार अडकू लागते. आपली माती कशी आहे ते घरीच तपासा. मूठभर माती ओली करून कणकेसारखी मळा, तिची पेन्सिलीएवढी वळी करा आणि बांगडीसारखी वाकवा. वळी न तुटता बांगडी झाली, तर माती चिकण आहे; ती खोदून काढावी लागेल. मुरमाड किंवा कोकणातल्या जांभ्या जमिनीवर गवत, मुळे आणि वरची भुसभुशीत माती काढली तरी बहुधा भागते.

आखणी

आपण 10 फूट लांब, 8 फूट रुंद शेड धरू. चार खुंट्या ठोकून दोरी बांधा. आता समोरासमोरचे कोपरे तिरके मोजा. दोन्ही मापे सारखी, म्हणजे साधारण 12 फूट 10 इंच आली, तर चारही कोपरे काटकोनात आहेत. हे काम दोघीजणी टेप घेऊन पाच मिनिटांत करू शकतात.

खोदाई आणि मुरूम

काळ्या मातीत शेडच्या चारही बाजूंना एकेक फूट जास्त धरून, म्हणजे 12 बाय 10 फुटांवर, दीड फूट खोदा. हा खड्डा चांगल्या मुरमाने भरायचा. मातकट मुरूम घेऊ नका. भरताना सहा-सहा इंचांचे तीन थर द्या. प्रत्येक थरावर पाणी शिंपडून धुम्मस मारा. टाच जोरात रोवली तरी खूण उमटायला नको, तेव्हाच पुढचा थर टाका. सगळा मुरूम एकदम ओतला तर वरचा भाग दबतो, आतला पोकळ राहतो आणि पहिल्याच पावसात बसतो. खड्डा 180 घनफुटांचा आहे, पण सैल मुरूम धुम्मस मारल्यावर बसतो. म्हणून साधारण सव्वादोन ब्रास मागवा. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट.

सोलिंग आणि काँक्रीट

जोते जमिनीपासून एक फूट उंच ठेवा. 10 बाय 8 च्या मापाने कडेने दगडाची किंवा विटांची कड बांधून आत आठ इंच सोलिंग करा. दगड उभे, एकमेकांना खेटून लावा आणि फटीत चिपा व मुरूम ठोकून भरा. त्यावर वाळूचा पातळ थर आणि जाड प्लास्टिकचा कागद अंथरा. खालची ओल बियाण्यापर्यंत येणार नाही.

वर चार इंच काँक्रीट. प्रमाण एक घमेले सिमेंट, दोन वाळू, चार खडी. एवढ्या जागेला सुमारे पाच गोण्या सिमेंट, ब्रासचा आठवा भाग वाळू आणि पाव ब्रास खडी लागते. एका गोणीला 25 ते 28 लीटर पाणी पुरे. वाळू ओली असेल तर आणखी कमी. पातळ माल पसरायला सोपा जातो, पण वाळल्यावर कच्चा राहतो. पाण्याच्या नळीने पातळी बघा आणि दाराकडे दीड इंच उतार द्या. वळवाच्या वाऱ्यात शेड उचलली जाऊ नये म्हणून खांबांचे बोल्ट काँक्रीट ओले असतानाच बसवून घ्या.

दुसऱ्या दिवसापासून गोणपाट अंथरून निदान सात दिवस, जमल्यास दहा दिवस ते ओले ठेवा. पाणी मारायच्या पाळ्या आपसात वाटून घ्या. विहिरीला पाणी असते म्हणून हे काम दिवाळी ते होळीच्या दरम्यान काढलेले बरे.

छपराचे पाणी

पत्रा भिंतीच्या दीड फूट बाहेर काढा. पागोळ्यांचे पाणी जोत्याच्या मुळाशी मुरू देऊ नका. चर काढून ते बागेकडे वळवा.

शेवटचे सांगणे. मुरूम, सोलिंग आणि कागद काँक्रीटखाली गेले की पुन्हा दिसत नाहीत. म्हणून प्रत्येक थर झाकण्याआधी गटातल्या दोघींनी टेप लावून माप घ्यावे, ते गटाच्या वहीत लिहावे आणि मगच गवंड्याला पुढचा हप्ता द्यावा. हे आधीच ठरले असेल, तर कामाच्या दिवशी वाद होत नाही. माप घेणे हा गवंड्यावरचा अविश्वास मानू नका. पैसे मोजून देतो, तसे कामही मोजून घ्यायचे.