विटलेला जो आणि ताजा रंग: काही गैरसमज

हॅस्ब्रो कंपनीने 1982 साली पावणेचार इंची जी. आय. जो हे खेळण्यातले सैनिक अमेरिकेत बाजारात आणले. 1987 मध्ये एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून फनस्कूल कंपनी उभी राहिली आणि पुढे हेच सैनिक भारतातही तयार होऊ लागले. नव्वदच्या दशकात शाळेत असलेल्या पिढीने ते वाढदिवसाला हट्टाने मागून घेतले, गॅलरीच्या कठड्यावर लढवले आणि दहावीच्या वर्षी माळ्यावर टाकले. ती पिढी आता चाळिशीत आहे. माळ्यावरचे डबे खाली उतरताहेत, आणि त्यातून बाहेर येणाऱ्या फिगरचा लाल फिका पडलाय, पांढरा पिवळट झालाय, छातीवरचा पट्टा निम्मा गेलाय. मग कुणीतरी म्हणतं, ‘त्यात काय, रंग मारून टाक!’ या सल्ल्यात आणि त्याच्या आगेमागे येणाऱ्या समजुतींत बऱ्याच गोष्टी चुकीच्या आहेत.

‘रंग गेलाय, म्हणजे रंग द्यायला हवा’

सगळ्यात मोठा गैरसमज हा. या फिगरवर जे रंग दिसतात त्यातला बराचसा भाग रंगवलेला नसतोच. हिरवा हात हिरव्या प्लॅस्टिकचाच ओतलेला असतो; रंगद्रव्य वितळलेल्या प्लॅस्टिकमध्ये आधीच मिसळलेलं असतं. रंगकाम होतं ते फक्त तपशिलांचं: केस, पट्टे, बुटांच्या कडा. तेही स्टेन्सिलसारखा कापलेला पत्रा लावून फवारलेलं, किंवा मऊ सिलिकॉनच्या ठोकळ्याने शाई उचलून छापलेलं. डोळे आणि बारीक चिन्हं या छपाईने येतात, म्हणूनच त्यांच्या कडा इतक्या रेखीव असतात.

याचं टोकाचं उदाहरण म्हणजे 1982 चा पहिला स्नेक आइज. हा काळ्या कपड्यातला कमांडो सगळ्यांचा लाडका, आणि त्याच्यावर रंगाचा एक ठिपकाही नव्हता. रंगकामाचा खर्च वाचवायचा म्हणून एक फिगर निव्वळ काळ्या प्लॅस्टिकमध्ये काढली, तीच ही. अशा फिगरला काळा रंग देऊन ‘मूळ रूप परत आणलं’ म्हणणाऱ्याने तिच्यावर कधीच नसलेली गोष्ट चढवलेली असते.

म्हणून आधी नेमकं काय गेलंय ते बघायचं. वरून दिलेला रंग घासून गेला असेल तर त्याच्या कडा तुटक दिसतात, खालचं वेगळ्या रंगाचं प्लॅस्टिक उघडं पडतं, आणि हे होतं ते नाक, गुडघे, बुटांची टोकं अशा उंच भागांवर. प्लॅस्टिकच विटलं असेल तर कडा नसते. उजेडाकडची बाजू फिकी आणि मागची गडद असा हळूहळू उतरता फरक दिसतो. खात्री करायची असेल तर या जुन्या जो मालिकेत एक सोय आहे. पाठीवरचा एक स्क्रू काढला की छाती दोन भागांत उघडते. हात जिथे खांद्यात बसतो तिथली आतली बाजू पाहा. तिथे उजेड कधी पोचलेला नसतो, त्यामुळे कारखान्यातून निघतानाचा रंग तिथे शाबूत सापडतो. मात्र आत धड आणि पाय जोडून धरणारं काळं रबरी कडं असतं. ते जुनं होऊन कडक झालेलं असतं आणि उघडताना हमखास तुटतं. नवं कडं हाताशी ठेवूनच स्क्रूला हात लावा.

घासून गेलेल्या रंगाला ब्रश लावता येतो. विटलेल्या प्लॅस्टिकला मात्र माझं मत विचाराल तर लावू नये. तो आख्खा भाग रंगवावा लागतो, रंगाचा थर साच्यातल्या बारीक रेषा बुजवतो, आणि हात दोनदा फिरवला की सांध्यापाशी खरवडून निघतो.

‘पिवळेपणा म्हणजे मळ, घासला की निघेल’

1984 चा स्टॉर्म शॅडो, म्हणजे पांढऱ्या पोशाखातला निंजा, जुन्या संग्रहात क्वचितच पांढरा सापडतो. लोक त्याला टूथपेस्टने घासतात, नाहीतर स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या मेलामाइन स्पंजने. दोन्ही मुळात बारीक पॉलिश पेपरच. पिवळेपणा तसाच राहतो आणि उरलेसुरले छापील तपशील मात्र निघून जातात.

पिवळेपणा प्लॅस्टिकमध्येच असतो. एबीएस नावाच्या कडक प्लॅस्टिकमध्ये रबरासारखा एक घटक असतो. अतिनील किरण, उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन मिळून तो बदलतो आणि पिवळट दिसू लागतो. एकाच फिगरचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या प्लॅस्टिकचे असतील तर छाती पिवळी आणि पाय पांढरे असंही होतं.

यावर हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात किंवा अतिनील दिव्याखाली ठेवण्याचा उपाय आहे. 2008 च्या सुमारास जुन्या कॉम्प्युटरच्या शौकिनांनी तो रूढ केला. पांढऱ्या आणि राखाडी एबीएसवर तो चालतो, पण कायमचा नाही. पिवळेपणा काही काळाने परत येऊ शकतो. रंगीत प्लॅस्टिकवर हाच प्रयोग केला तर मूळ रंगही उडतो, डाग पडतात, छपाई जाते. पार्लरमध्ये मिळणारं केसांचं डेव्हलपर क्रीम लोक यासाठी वापरतात. त्यातल्या 40 व्हॉल्यूमवाल्यात 12 टक्के पेरॉक्साइड असतं आणि ते कातडी भाजतं, तेव्हा हातमोजे आणि चष्मा हवेतच.

‘प्लॅस्टिकला कुठलाही रंग चालतो’

घरात जे असेल ते लावायची आपली सवय इथे महागात पडते.

पोस्टर कलर शाळेच्या कंपासपेटीशेजारचा, म्हणून पहिला हात तिकडे जातो. त्यातला बांधणारा पदार्थ पाण्यात विरघळणारा असतो, त्यामुळे घामट बोट लागलं की रंग बोटावर येतो. दुसरा नंबर नेलपॉलिशचा. बाटली छोटी, ब्रश आयता, रंग चकचकीत. पण त्यात इथाइल अ‍ॅसिटेट आणि ब्यूटाइल अ‍ॅसिटेटसारखी द्रावकं असतात, ती एबीएसचा पृष्ठभाग विरघळवतात. चूक पुसायला नेलपॉलिश रिमूव्हर घेतलात आणि त्यात अ‍ॅसिटोन असेल, तर फिगरचा चेहराच वितळतो. नाक गेलं की गेलं.

तिसरा ऑइल पेंट, ग्रिलला लावून उरलेला. कडक प्लॅस्टिकवर तो एकवेळ वाळतो. मऊ पीव्हीसीच्या भागावर तो महिनोन्महिने चिकचिकीत राहू शकतो. हि-मॅनच्या फिगरचं पोकळ, दाबलं तर दबणारं डोकं आठवा. असं प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखी द्रव्यं घातलेली असतात, आणि ती वर्षानुवर्षं हळूहळू पृष्ठभागाकडे सरकत राहतात. वरच्या रंगात ती शिरली की रंग कधी पुरता कडक होत नाही. हीच गत पुष्कळदा स्प्रेच्या डब्यातल्या प्रायमरची होते, म्हणून ‘आधी प्रायमर, मग रंग’ हा भिंतीचा नियम इथे डोळे मिटून लावू नये.

चालतो तो पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक. स्पेनची व्हायेहो किंवा जपानची तामिया यांचे छोट्या मॉडेलसाठीचे रंग आता भारतातही मिळतात. तामियाच्या अ‍ॅक्रिलिकमध्ये अल्कोहोल असतं, त्यामुळे त्याचा वास जरा उग्र. चित्रकलेच्या दुकानातला साधा अ‍ॅक्रिलिकही चालेल. तो घट्ट असतो आणि त्यातले कण जाडसर असतात, तेव्हा दुधाइतका पातळ करून दोन-तीन हात द्यायचे. एकाच जाड हातात काम उरकायला गेलात की ब्रशच्या रेघा राहतात.

त्याआधी भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब कोमट पाण्यात टाकून जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने धुवायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. हातांचा तेलकटपणा राहिला तर कितीही महागडा रंग पोपडे धरतो. रंगवलेली फिगर आठवडाभर हाताळू नका. स्पर्शाला कोरडा लागलेला रंग आतून पक्का व्हायला वेळ लागतो, आणि कोकणातल्या पावसाळ्यात तर आणखीच.

‘बाटलीवरचा रंग जुळला की झालं’

अ‍ॅक्रिलिक ओला असताना त्यातलं बांधणारं द्रव्य दुधी असतं. वाळताना ते पारदर्शक होतं आणि रंग गडद दिसतो. म्हणजे ओला असताना तंतोतंत जुळलेला रंग वाळल्यावर जुळत नाही. थोडा फिका मिसळून, टाकाऊ प्लॅस्टिकच्या तुकड्यावर वाळवून मगच फिगरजवळ धरून बघायचं. दुसरी फसवणूक दिव्याची. ट्यूबखाली जुळलेले दोन हिरवे खिडकीपाशी नेल्यावर वेगळे दिसतात, कारण त्यांच्यातली रंगद्रव्यं वेगळी असतात. दिवसाच्या उजेडात जुळवा, रात्री दिव्याखाली एकदा खात्री करा.

आणि जुळवायचं कशाशी? खांद्याच्या आत दडलेल्या ताज्या रंगाशी जुळवलंत तर विटलेल्या अंगावर तो भाग ठिगळासारखा उठून दिसेल. आजूबाजूच्या आजच्या रंगाशी जुळवणं बरं.

‘सोनेरी म्हणजे सोनेरी’

केनर कंपनीच्या 1978 मधल्या स्टार वॉर्स मालिकेतला सी-थ्रीपीओ हा यंत्रमानव सोनेरी रंगाने रंगवलेला नव्हता. निर्वात पेटीत धातूची वाफ करून तिचा अतिशय पातळ मुलामा त्याच्यावर चढवला होता. बाटलीतला सोनेरी रंग म्हणजे चकचकीत कणांची भुकटी. त्याला ती आरशासारखी झळाळी येत नाही. गुडघ्यावरचा मुलामा गेलेला सी-थ्रीपीओ आहे तसा ठेवावा.

‘कारखान्यातच चुकीचा रंग लागलाय, तो बरोबर करू’

हा गैरसमज खास आपल्याकडच्या फिगरच्या मुळावर येतो. फनस्कूलने हॅस्ब्रोचे साचे वापरले, पण रंगसंगती कित्येकदा आपल्याच ठेवल्या. कार्टूनमध्ये एक रंग आणि हातातल्या फिगरवर भलताच, हे त्यामुळे. ब्राझीलच्या एस्ट्रेला आणि अर्जेंटिनाच्या प्लास्टिरामा या कंपन्यांनीही त्यांच्या देशांत असेच वेगळे रंग काढले. परदेशातले संग्राहक फनस्कूलच्या फिगर शोधतात त्या याच वेगळेपणासाठी. अमेरिकन पाकिटावरच्या चित्राबरहुकूम ‘दुरुस्त’ केलेली भारतीय फिगर ना अमेरिकन होते ना भारतीय राहते. आपल्याकडे अशा किती फिगर बाद झाल्या असतील याची कल्पना करवत नाही.

‘काचेच्या कपाटात ठेवलं की रंग टिकतो’

धूळ लागत नाही, एवढंच. साधी काच अतिनीलमधला सगळ्यात तीव्र भाग अडवते, पण दृश्य प्रकाशाला लागून असलेला भाग आत येऊ देते. शिवाय साधा दिसणारा प्रकाशही रंग विटवतो. संग्रहालयांत नाजूक वस्तूंसाठी 50 लक्स इतका मंद उजेड ठेवतात तो याचसाठी. खिडकीसमोरचं शोकेस शेजारच्या भिंतीला हलवा. वरून व्हार्निश मारून विटणं थांबेल असंही समजू नका: काही व्हार्निश स्वतःच पिवळी पडतात, आणि मॅट फिगरवर चकचकीत थर चढला की ती दुरूनही ओळखू येते.

मुलांबद्दल एक सांगायलाच हवं. भारतात घरगुती रंगांमधल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा 2017 मध्ये लागू झाली. त्याआधीच्या खेळण्यावर नेमका कोणता रंग आहे हे घरबसल्या कळत नाही. जुना रंग कोरडा घासू नका, ओल्या पॉलिश पेपरने घासा, मास्क लावा. आणि घरी रंगवलेली फिगर दोन वर्षांच्या मुलाच्या तोंडात जाणार नाही अशा जागी ठेवा.

‘रंगवल्याने किंमत वाढते’

वाढत नाही, बहुतेक वेळा घसरते. संग्राहकाच्या लेखी मूळ रंगाचे झिजलेले अवशेष नव्या रंगापेक्षा मोलाचे असतात. लपवाछपवीही फार टिकत नाही: अतिनील टॉर्च मारला की नवा रंग बरेचदा जुन्यापेक्षा वेगळा चमकतो, आणि भिंगाखाली ब्रशची रेघ आणि छपाईची कड यांतला फरक दिसतोच. स्वतःच्या कपाटासाठी, आठवणीसाठी रंगवायचं असेल तर खुशाल रंगवा, त्यात कमीपणा काही नाही. डबल असलेल्या, हात तुटलेल्या फिगरवर आधी सराव करा, आणि रंगवण्यापूर्वी चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा. पुढे कधी विकायची वेळ आली तर ते फोटो घेणाऱ्याला दाखवा आणि कुठे-कुठे रंग दिलाय हे पैसे घेण्याआधी सांगा.